दोन्ही प्रती ठेवा

१

भोरमध्ये पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमच्या संस्थेची एक खोली आहे. तिथे मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसते. भोर-वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांमध्ये आमच्या पशुसखी आहेत, म्हणजे आपल्याच गावातल्या शेळ्यांची देखभाल शिकलेल्या बायका. कुठे शेळी व्याली, कुठे करडू दगावलं, कुणाच्या खुरात किडे पडले, त्याचे फोटो आणि व्हिडिओ त्या मोबाईलवर काढतात. ते आपोआप क्लाउडवर चढतात आणि माझ्या लॅपटॉपवर उतरतात. मी बघायचं, नावगाव लावायचं आणि पुढे पुण्याला जाऊ द्यायचं.

खरं सांगायचं तर मला जनावरांची किळस येते. लेंड्यांचा वास, ओल्या केसांचा वास, व्यायल्यानंतर मागे लोंबणारी ती वार. पण पडद्याला वास नसतो, म्हणून मला हे काम जमून गेलं होतं.

होळी होऊन गेली होती आणि आंत्रविषाराची लस यायची होती. नोंदीत जेवढी जनावरं, तेवढीच लस पुण्याहून सुटते. मागच्या वर्षी नोंद उशिरा गेली आणि वेल्ह्याकडच्या वाड्यांना लस पुरली नाही. संध्याकाळी धडधाकट असलेल्या शेळ्या सकाळी पोट फुगून ताठ पडलेल्या, असे फोटो तेव्हा मीच पाहिले होते. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात एक फाईल अडकली.

दिपालीची होती. दिपाली ही वेल्ह्याच्या वर डोंगरात राहणारी आमची सगळ्यात चोख पशुसखी. फाईल शेळी व्यायल्याच्या व्हिडिओची. तिच्यापुढे निळा बाण गोल गोल फिरत होता, हिरवी टिक काही येत नव्हती. तिच्यामागे साऱ्या वाड्यांच्या फाईली खोळंबल्या होत्या. अरुंद घाटात एक ट्रक बंद पडावा तशा.

२

पहिल्यांदा सगळे करतात ते केलं. इंटरनेट बंद-चालू, लॅपटॉप बंद-चालू. सिंक थांबवून परत सुरू केलं. फाईलच्या नावात एखादं वेडंवाकडं चिन्ह आहे का ते पाहिलं. क्लाउडवर जागा भरपूर होती. बाण फिरतच राहिला.

मग पुण्याला अर्णवला फोन लावला. संस्थेची कॉम्प्युटरची सगळी कामं तो बघतो.

"साइज बघ किती आहे," तो म्हणाला.

मी सांगितली.

"आता रिफ्रेश कर. परत सांग."

परत सांगितली. 

"वाढतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे ती फाईल अजून बंदच झालेली नाहीये. कुणीतरी अजून रेकॉर्ड करतंय, मैथिली. शेवट झाल्याशिवाय सिंक पूर्ण कसं होणार? तुझ्या त्या बाईला सांग, मोबाईलवर लाल बटण दाबून बंद कर म्हणावं."

मला हसू आलं. बिचारी रेकॉर्डिंग चालू ठेवून मोबाईल कुठेतरी कोनाड्यात विसरली असणार. मी दिपालीला फोन लावला आणि तिने पहिल्याच रिंगला उचलला. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं की मोबाईल कोनाड्यात नाही, तिच्या कानाला आहे.

"त्यो व्हिडिओ व्हय? त्यो कवाच झाला की ताई," ती म्हणाली. "शेळी येली, पाट झाली. लई ग्वाड हाय. आत्याबाईंनी वढून काढली. अडली व्हती जरा."

पाट म्हणजे मादी करडू, आणि आत्याबाई म्हणजे दिपालीची सासू, कमळाबाई. वाडीत कुणाचंही जनावर अडलं की तिलाच बोलावतात.

"मग तुझ्या मोबाईलवर व्हिडिओ पूर्ण आहे?"

"हाय की. आत्ता बगितला. एवढुसा तर हाय. पाट भुईवर पडली, म्या बंद केला."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. फाईल आणखी वाढली होती.

३

अर्धी आलेली फाईलही उघडता येते. जेवढं उतरलंय तेवढं दिसतं. नेमकं काय अडकलंय ते बघावं म्हणून मी ती उघडली.

सुरुवात नेहमीसारखी होती. कारवीच्या कुडाचा गोठा, जमिनीवर पडलेला दुपारचा कवडसा, आडवी झालेली काळी शेळी. पाणमोट फुटून गेली होती, माती भिजली होती. कमळाबाई शेळीच्या मागे फतकल मारून बसली होती. बांगड्या वर सारलेल्या, उजवा हात मनगटापर्यंत आत. "दम धर," ती शेळीला म्हणत होती. "दम धर माजे बाई. आलं बग."

दोन खूर दिसले, पिवळट, मऊ, ओल्या साबणासारखे. मग पाय आला, मग गुडघा. इथपर्यंत मी असंख्य वेळा बघितलेलं आहे. आता नाकाडं दिसणार, मग डोकं, आणि मग एकदम सगळं भसकन बाहेर.

नाकाडं आलं नाही, पाय मात्र येत राहिला. गुडघ्यानंतर आणखी एक सांधा आला. कमळाबाईने पकड बदलली आणि ओढलं, तसा आणखी एक. केस नव्हते त्याला. पातळ, करडी, चिकट कातडी, आणि ती बाहेर येताना चपचप असा आवाज, दाट खिरीत कुणी हात घोळवावा तसा. कमळाबाई आलेला भाग मांडीवरून मागे सारत होती आणि परत आत हात घालत होती.

माझा डबा उघडा होता. दहीभात. मी झाकण लावून तो दाराबाहेर नेऊन ठेवला.

परत येऊन स्वतःशीच म्हटलं, फाईल बिघडलीय. बिघडलेल्या व्हिडिओत तीच तीच चित्रं परत परत येतात. एकच पाय, तोच तोच गुडघा, म्हणून लांबल्यासारखा दिसतो. अर्णवही हेच म्हणाला असता.

पण कमळाबाईचं बोलणं परत परत येत नव्हतं. आधी ती "आलं बग" म्हणत होती. पुढे "अजून हाये" म्हणाली. आणखी पुढे गेल्यावर तिचा आवाज बसला होता, ओठ कोरडे पडले होते, आणि ती कुणाला तरी "पानी दे" म्हणत होती. कुणीच देत नव्हतं. कुडावर माश्या वाढत गेल्या होत्या, इतक्या की कारवी काळी दिसायला लागली. कवडसा मात्र होता तिथेच होता. सुरुवातीला शेळीच्या शिंगाला टेकलेला, शेवटीही शिंगालाच टेकलेला.

मी लॅपटॉप मिटला. गिरणीचा पट्टा खाली घरघरत होता, पायांखालची फरशी नेहमीसारखी थरथरत होती. त्या थरथरण्याचा मला पहिल्यांदाच आधार वाटला.

४

दुसऱ्या दिवशी खोलीत वास होता.

मी गिरणीवाल्या गेनूमामांना वर बोलावलं. त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"उंदीर मेला असंल," ते म्हणाले. "पिठाला उंदीर लई. कपाटामागं बगा."

कपाट ओढलं, सतरंजी झटकली, पंख्याच्या वाटीत डोकावले. उंदीर सापडला नाही. गेनूमामा खाली गेले आणि मी एकटीच नाकाला पदर लावून वास कुठून येतो ते हुडकत बसले. कुजल्याचा वास नव्हता तो. त्यापेक्षा वाईट, जिवंत वास होता. कोमट, गोडसर, चिकाच्या दुधात रक्त मिसळल्यासारखा.

लॅपटॉपच्या कडेला जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे मी नाक नेलं आणि तशीच मोरीकडे धावले.

तोंड धुऊन आल्यावर विचार केला. वारा रस्त्याच्या बाजूने असेल, खाली कुणी शेळी बांधली असेल. कीबोर्ड चिकट लागत होता, पण गिरणीवरच्या खोलीत पीठ उडतंच. घामाच्या हातांनी त्याची लापशी होणारच. मी ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसला. फडकं बुळबुळीत झालं. ते धुवायचं सोडून मी खिडकीतून टाकून दिलं.

दुपारी पुण्याहून विचारणा झाली: वेल्ह्याच्या नोंदी कुठे आहेत? लस दोन दिवसांत वाटायला काढायचीय.

फाईल रद्द करून बाकीच्यांना वाट द्यावी, असं पहिल्यांदा तेव्हाच मनात आलं. पण दिपालीच्या नोंदी त्याच फोल्डरमध्ये होत्या. म्हटलं, एकदा जाऊन तिचा मोबाईल बघून येऊ. आणि खरं तर मला ती शेळी बघायची होती. चार पायांवर उभी असलेली, रिकामी झालेली शेळी.

५

कापूरहोळला एसटी बदलली, नसरापूर गेलं, मार्गासनी गेली. वेल्ह्याला दिपाली उभीच होती. तिथून टेम्पो आणि पुढे चढण. वाटेत ती बडबडत होती, तिचं ते रोखठोक, हसरं बोलणं. मला बरं वाटायला लागलं.

गोठ्यापाशी पोचलो तर काळी शेळी पाला ओरबाडत उभी. पोट आत गेलेलं, मागचं अंग कोरडं. आणि तिच्या भोवती ती पाट. पांढऱ्या कानांची, चारही पाय एकदम उचलून उड्या मारणारी. तिचे पाय मी मुद्दाम नीट बघितले. नेहमीसारखे पाय होते. मी मोठ्याने हसले.

"बगा, म्हनलं नव्हतं?" दिपाली म्हणाली.

तिच्या मोबाईलवरचा व्हिडिओही पाहिला. छोटासा. खूर, गुडघा, नाकाडं, डोकं, आणि भसकन पाट बाहेर. कमळाबाई हसतेय. संपला.

दिपालीचे सासरे हैबती अंगणात काथ्या वळत बसले होते. कमळाबाई आतून आली. तिच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती. चहाची कपबशी तिने डाव्या हाताने माझ्यापुढे केली.

"लागलं का काही, कमळाबाई?"

"न्हाई." ती समोर टेकली. आणि मग एकदम, आवाज खाली करून, तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडं झाली का ती मोकळी?"

"कोण?"

"शेळी. तुमच्याकडली."

मी दिपालीकडे पाहिलं. तिने खाली बघितलं.

"हितली झाली," कमळाबाई म्हणाली. "म्या डोळ्यांनी बगितली. पर हाताला अजून वढ लागतीया. झोपेत मूठ वळती. सपनात न्हाई बाई, जागेपनी सुद्धा. कुनीतरी आतनं वढतंय आनि म्या भायेर वढतीया. आनि ह्यो कोरडा हुईना."

तिने पट्टी सोडली. हात ठीक होता, जखम नाही, सूज नाही. नुसता ओला होता. तिने शेजारच्या चुलीतली राख घेऊन हातावर चोळली, पदराने कोरडा केला आणि माझ्यापुढे धरला. "बगा लावून."

मला लावायचा नव्हता. पण तिची ती नजर टाळता येईना. मी दोन बोटं तिच्या तळव्यावर ठेवली. कोमट, दाट ओल माझ्या बोटांना लागली आणि बोटं उचलली तशी तिची तार धरली. मधासारखी. मी हात मागे घेतला, जमिनीवर घासला, पुन्हा घासला. कमळाबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. तिने मान हलवली, जणू मला काय वाटतं ते तिला ठाऊकच होतं.

"जेवत न्हाईती ह्या हातानं," दिपाली म्हणाली. "डाव्यानं जेवत्यात. तरीबी उलट्या काडत्यात."

"पुसून टाका त्यो व्हिडिओ," हैबती काथ्यावरून मान न उचलता म्हणाले. "काय असंल ते पुसून टाका. हाय काय त्यात?"

"तसं पुसाय येत न्हाई, मामा," दिपाली म्हणाली. "येकीकडं पुसलं की दुसरीकडलं बी जातं. ताईंनीच शिकिवलंय."

मग ती गोठ्याकडे बघत राहिली. पाट आईच्या सडाला ढुशा देत होती. आम्ही सगळेच तिकडे बघायला लागलो.

"असं काही नसतं, दिपाली," मी म्हणाले. "तो व्हिडिओ आहे. फाईल."

"व्हय," ती म्हणाली.

चहा त्याच शेळीच्या दुधाचा होता. साय वर येऊन थरथरत होती. मी कपबशी तशीच ठेवून उठले.

"बाई, तुमी ते संपवा," निघताना कमळाबाई म्हणाली. "कसं बी करा, पर संपवा."

मी हो म्हणाले.

६

भोरला परत आले तर लॅपटॉपवर नवीन चौकट आली होती. तिच्यात लिहिलं होतं: या फाईलच्या दोन वेगवेगळ्या प्रती सापडल्या. कोणती ठेवायची? खाली तीन बटणं. मोबाईलवरची प्रत ठेवा. क्लाउडवरची प्रत ठेवा. दोन्ही प्रती ठेवा.

अर्णवला फोन लावला.

"अरे वा, सुटलं मग," तो म्हणाला. "मोबाईलवरची ठेव. ती छोटी, ती चांगली. क्लाउडवरची उडून जाईल, मागच्या सगळ्या फाईली धडाधड चढतील. काम खतम."

"अर्णव, तू ती क्लाउडवरची पाहिलीस का?"

"थोडी पाहिली."

"मग?"

"मग काही नाही. मी जेवत होतो." तो म्हणाला. "दाब ना बटण. लसवाले माझ्या डोक्यावर बसलेत."

मी माऊसचा बाण पहिल्या बटणावर नेला. फोन कानाला होता, बाहेर लख्ख दिवस होता, खाली कुणीतरी ज्वारी दळायला आलं होतं. एवढंच करायचं होतं. पण पुसण्याआधी आपण काय पुसतोय ते एकदा बघून घ्यायची माझी सवय आहे. मी क्लाउडवरची प्रत उघडली आणि सरळ शेवटाकडे नेली.

कवडसा शिंगाला टेकलेलाच होता. शेळीचे डोळे उघडे होते, त्यांवर माश्या होत्या, पण पोट हलत होतं. जे बाहेर आलं होतं ते आता चौकटीत मावत नव्हतं. त्याची फक्त एक कड दिसत होती, ओली, आणि ती कडही हलत होती. कमळाबाईचे केस सुटले होते. हात खांद्यापर्यंत आत होता आणि गाल शेळीच्या मांडीला टेकला होता. ती ओढत नव्हती. तिलाच आत ओढलं जात होतं, आणि ती नुसती टिकून होती.

मग तिने मान वळवली आणि वर पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "पुसू नगा. माजा हात आत हाये."

मी खटकन व्हिडिओ थांबवला.

"काय झालं?" अर्णव म्हणाला.

"काही नाही."

मी नीट विचार केला. व्हिडिओ दिपाली काढतेय. कमळाबाई दिपालीला सांगत असेल, शेळीचं मागलं अंग इतक्यात पुसू नकोस, माझा हात अजून आत आहे. अगदी सरळ गोष्ट आहे. जनावर व्यायल्यावर पुसतातच.

पण सासू सुनेला 'बाई' म्हणत नाही. 'नगा' तर नाहीच म्हणत. ती 'दिपे, पुसू नगं' म्हणाली असती.

"मैथिली, दाबलंस का?"

तिकडे वाडीत एक बाई चुलीपुढे बसून राख चोळून हात कोरडा करत होती, आणि इथे पडद्यावर तीच बाई खांद्यापर्यंत आत होती. इकडची पुसली तर हिचं काय होणार, ते मला माहीत नव्हतं. तिकडची पुसली तर ती उड्या मारणारी पाट. हे असं काही नसतं, असं मी तीन तासांपूर्वीच कुणाला तरी सांगितलं होतं.

मी दोन्ही प्रती ठेवल्या.

बाण फिरायचा थांबला. हिरवी टिक आली. मग तिच्या खाली दुसरी, तिसरी, भोंगवलीची, उत्रोलीची, साऱ्या वाड्यांची. पुण्याला सगळं पोचलं. अर्णव "शाबास" म्हणाला. मी खिडकी उघडली, तर खोलीतला वास गेला होता. साफ गेला होता. नुसता पिठाचा वास येत होता, आणि मला त्या आनंदाने रडू आलं.

७

दिपालीचा फोन अंधार पडायच्या आधीच आला.

"ताई, आत्याबाईंचा हात कोरडा झाला," ती म्हणाली. आनंदाची गोष्ट सांगतोय असा आवाज नव्हता तिचा. कुजबुजत होती.

"अगं, मग चांगलंच झालं की."

"व्हय. भाकऱ्या थापत्यात. दोनी हातांनी. चुलीपुढं बसल्यात, म्या बगतीया हितनं."

"मग तू अशी का बोलतेस?"

 तिने बहुधा मोबाईल हातात लांब धरला. मला आधी भाकरी थापल्याचा आवाज आला, थप थप थप, काटवटीतला. मग दिपालीच्या चालण्याचा. मग कोंबड्या. मग थोडा वेळ काहीच नाही.

मग चपचप. आणि त्यावर कमळाबाईचा बसलेला आवाज, "दम धर. अजून हाये."

मागे थप थप थांबली नव्हती.

"ताई," दिपाली म्हणाली, "आत्याबाई चुलीपाशी हायेत. मग गोठ्यात कोन बोलतंय?"

८

लस वेळेवर पोचली. त्या वर्षी वरच्या वाड्यांत आंत्रविषाराने एकही शेळी गेली नाही. हे मी सांगते कारण ते खरं आहे, आणि कारण त्या खोलीत बसून आजही मला तेवढंच एक बरं आठवायला मिळतं.

अर्णवचा एकदा फोन आला होता. म्हणाला, ती दुसरी प्रत सिंक झाली असं दाखवतेय, पण रोज वाढतेय, जागा खातेय, उडवू का? मी हात लावू नकोस म्हणाले. तो का म्हणून विचारेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं नाही. त्यानंतर त्याने ते काम दुसऱ्या कुणाकडे तरी दिलं.

मी परत वर गेले ती आभाळ भरून आलेल्या एका सकाळी. दिपालीने पशुसखीचं काम सोडलं होतं. ती वेल्ह्याला येऊन उभी होती, पण वाटेत बोलली नाही. हैबतींनी शेळ्यांसाठी नवा गोठा घातला होता, घराच्या दुसऱ्या अंगाला. काळी शेळी तिथे होती आणि पाटही. पाट चांगली वाढली होती.

जुन्या गोठ्याच्या दाराला बोरीच्या काटेरी फांद्या लावल्या होत्या. त्या बाजूला वाडीतलं कुणीही फिरकत नव्हतं. कुत्रीसुद्धा लांबून वळसा घालून जात होती. वास मला चढणीवरूनच यायला लागला होता.

कमळाबाई घरातून बाहेर आली. हातात ताटली, ताटलीत भाकरी आणि पिठलं, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. ती सरळ जुन्या गोठ्याकडे निघाली.

"कमळाबाई, कुठे?"

"उपाशी कशी ठिवू बाई?" ती चालता चालताच म्हणाली. "ती बी म्याच हाय की."

मी तिच्या मागे गेले. कुडाला खालच्या बाजूला कारवी मोडून एक भोक केलेलं होतं, ताटली जाईल एवढं. ती उकिडवी बसली. मी नाक-तोंड पदराने दाबून तिच्याशेजारी उभी राहिले. आभाळ काळं होतं, कुठेही ऊन नव्हतं. पण कुडाच्या फटींतून ऊन बाहेर येत होतं. दुपारचं, पिवळं ऊन. ते माझ्या साडीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं आणि गरम लागत होतं.

मी वाकले आणि फटीला डोळा लावला.

आतली जमीन मला दिसली नाही. जमीन दिसायला जागाच नव्हती. एकावर एक वळसे पडलेले होते, करडे, ओले, सांध्यासांध्यांचे, कुडापासून कुडापर्यंत, आणि ते सगळं मिळून हळूहळू फुगत होतं आणि बसत होतं. श्वास घेतल्यासारखं. त्या सगळ्याच्या पलीकडे शेळीचं शिंग आणि त्याला टेकलेला कवडसा.

"बगू नगा," कमळाबाई म्हणाली. "जेवतंय कुनी तर बगू न्हाई."

तिने ताटली भोकातून आत सारली. आतून एक डावा हात आला. बांगड्या त्याच, मनगटावरचं गोंदण तेच. त्याने चाचपडत भाकरी शोधली. बोटांवरून तार ओघळली आणि पिठल्यात पडली. हाताने पिठल्याला भाकरी लावली आणि आत नेली.

माझ्या पोटातलं सगळं वर आलं. मी तिथेच गुडघ्यांवर पडले आणि ओकायला लागले. थांबेचना. काही उरलं नाही तरी आतून कळा येतच राहिल्या. कमळाबाई उठून माझ्यामागे आली, तिने आपल्या कोरड्या, खरखरीत हाताने माझं कपाळ घट्ट धरलं आणि दुसरा हात पाठीवरून फिरवायला लागली, अडलेल्या जनावरावरून फिरवतात तसा.

"दम धरा, बाई," ती म्हणाली.

"दम धर," कुडाच्या आतून ती म्हणाली. "अजून हाये."